एक तारखेला मी येत नाहीये

आई, बाबा,

फोनवरच सांगणार होते. दोनदा लावलाही, पण आईचा 'हॅलो' ऐकला की मी भलतंच काहीतरी बोलत सुटते, म्हणून लिहितेय. एक तारखेला मी घरी येत नाहीये. इथले, व्यसनमुक्ती केंद्रातले ३० दिवस संपतायत, पण मी आणखी दोन महिने राहणार आहे. काल कागदांवर सही केली. म्हणजे विचारत नाहीये, सांगतेय. असं लिहिताना बरं वाटत नाही, पण विचारलं असतं तर तुम्ही 'ये' म्हणाला असता आणि मी आले असते.

खोली आवरली असशील, आई. पडदेही धुतले असशील. घर नको म्हणून राहत नाहीये गं मी. त्या खोलीत एकटी बसायची मला अजून भीती वाटते, एवढंच. कपाटाच्या मागे काय काय सापडलं होतं ते तुलाच माहीत.

आधी माझं बरं आहे ते ऐका. झोप लागते. पहिला आठवडा नव्हती लागत, आता साडेदहाला आडवी झाले की थेट सकाळ. खिडकीजवळची खाट मिळालीय, पांघरुणं दोन मागून घेतली, आंघोळीला गरम पाणी असतं. वजन दोन किलोंनी वाढलंय. हात थरथरत नाहीत, अक्षर बघा. चष्मा शाबूत आहे, बाबा, नवा पाठवू नका.

तुम्ही मागे म्हणालात, 'दारू अंगातून गेली ना, मग आता राहिलं काय?' अंगातून जायला आठवडा पुरला. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली की काही तासांत थरथर सुरू होते, दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. कुणाला झटके येतात, कुणाला नसलेली माणसं दिसतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून ते डॉक्टरांच्या नजरेखालीच करायचं. हे वाचताना तुला मामाची मागची खोली आठवेल, आई. मलाही आठवली. कडी तू लावली नव्हतीस, आणि लावली असतीस तरी तेव्हा कुणाला काय माहीत होतं? पुढे नाही लिहीत.

राहिलं ते डोक्यातलं. मला वाटायचं, समुपदेशन म्हणजे समोर बसवून उपदेश. शब्दातच आहे की तो! पहिल्या दिवशी मी मान खाली घालून तयारीत बसले होते. मॅडमनी विचारलं, 'दारूने तुम्हाला दिलं काय?' तिने काय काय नेलं हे सगळ्यांनी मोजून दाखवलं होतं, दिलं काय हे कुणीच विचारलं नव्हतं. मी चाळीस मिनिटं बोलले. आणि त्यातच कधीतरी, काय काय गेलं ते आपणहून सांगायला लागले. दुसऱ्याने पढवलेल्या कारणांपेक्षा आपल्या तोंडून निघालेलं कारण माणूस जास्त धरून ठेवतो, यावरच ही पद्धत उभी आहे. विल्यम मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये ती पहिल्यांदा मांडली. बाबा, तुम्ही साल विचारणारच, म्हणून आधीच लिहिलं.

आता ते दादाच्या वाढदिवसाचं. चार महिने हातही न लावता काढले होते आणि त्या संध्याकाळी तसं झालं. मॅडमनी विचारलं, 'प्यायच्या आधी काय झालं?' मी म्हटलं, काही नाही, दुकान दिसलं, घेतली. 'रोज त्याच रस्त्याने जाता?' नाही, त्या दिवशी झाडं बरी वाटली म्हणून तिकडून गेले. 'कोणती झाडं?'

सांगताच येईना. एकही झाड आठवेना, आई.

मग आम्ही उलटं उलटं मागे गेलो. सकाळी मी रोजची सोडून मोठी पिशवी घेतली होती. आदल्या दिवशी गरज नसताना रोख पैसे काढले होते. त्याच्या आधी तो फोन आला होता (कुठला ते माहीत आहे, उगाळायला नको). म्हणजे घोट संध्याकाळी सातचा, पण मी प्यायला लागले होते आदल्या दुपारी. माझं मलाच कळलं नव्हतं. आता दर आठवड्याला एकेक प्रसंग असा उसवून बघतो, आणि कुठल्या टाक्याला थांबता आलं असतं ते शोधतो. मला थांबायची जागा त्या फोननंतर सापडली. त्या वेळी कुणालातरी 'मला वाईट वाटतंय' एवढं म्हणाले असते तरी पुरलं असतं. ते मला या वयात शिकवावं लागतंय, याचं हसू येतं.

तलफ अजून येते. खोटं बोलायचं नाही असं ठरलंय, म्हणून सांगते. पण ती लाटेसारखी चढते आणि तिच्या नादी लागलं नाही तर बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत उतरते. ती आली की दहापैकी किती, ते वहीत मांडायचं. आठ, आठ, सहा, तीन. परवा मांडताना एकदम आठवलं, बाबा, मला ताप आला की तुम्ही कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने तासातासाचा आकडा लिहायचात. मी झोपल्याचं सोंग करून बघायचे. आकडा उतरला की तुम्ही पेन्सिल कानावर ठेवायचात. मीही ठेवली. पडली.

तलफ कमी करायची गोळीही सुरू आहे, सगळा भार नुसत्या बोलण्यावर नाही.

बाबा, तुम्ही मॅडमना फोन केलात आणि त्यांनी काही सांगितलं नाही म्हणून रागावलात, असं कळलं. मीच सांगा म्हटलेलं नव्हतं. कुणाच्या जिवाला धोका असेल तर त्या सांगतील, बाकी माझं बोलणं त्या खोलीतच राहतं. तुमच्यापासून लपवायचं असं नाही. तुमच्यासमोर मी शहाण्यासारखं बोलते हो, आणि तिथे शहाणपण चालत नाही.

आणि बरी होऊन आले तरी पुन्हा घसरणार नाही असं वचन देत नाही. ती वचनं दिली तितकी पुरे. उपचारांनंतर १०० पैकी ४० ते ६० जण कधी ना कधी पुन्हा घसरतात. घाबरू नका. तुमचं बीपी गेल्या वर्षी वर गेलं तेव्हा डॉक्टरांनी तुम्हाला नालायक म्हटलं नाही, गोळी बदलली. तसंच हे. घसरले तर त्याच दिवशी मॅडमना फोन करायचा, हे ठरलेलं आहे. नंबर फ्रिजवर लावा.

आता माझं ऐकायचं. फॅमिली सेशनला दोघांनीही यायचं, 'गुडघा दुखतो' चालणार नाही. दोष कुणाचा ते तिथे काढत नाहीत. आई, माझ्या ऑफिसला तू किती वेळा 'ताप आहे' म्हणून कळवलंस? माझ्यासाठीच केलंस, पण त्याने मला अजून एक दिवस प्यायला मिळायचा. रागावू नकोस. हे मी तिथे तुझ्या शेजारी बसून बोलणार आहे, कागदावर नीट उमटत नाही. शिवाय घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंगा असतात, १९५१ पासून चालू आहेत, एकदा जाऊन बसा. बोलायची सक्ती नसते.

कोणी जेवणातून न कळत द्यायची पुडी सुचवेल, माझ्यासाठी किंवा कुणासाठीही, तर अजिबात घेऊ नका. त्यातल्या काही औषधांवर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळतो, माणूस मरतोही. खोकल्याची औषधं आणि माउथवॉश बाटलीवर वाचून बघा, अल्कोहोल असेल तर मी यायच्या आत घरातून काढा. बाबा, सकाळची गोळी चुकवू नका. आणि विचारणाऱ्यांना 'ट्रेनिंगला गेलीय' सांगत असशील, आई, तर सांग. ते खोटं मला आत्ता चालेल, तुझ्या सवडीने सोड.

तुमची,
धाकटी

ता.क. आई, पर्स उशीखाली ठेवून झोपतेस ते मला माहीत आहे. मी आल्यावरही तिथेच ठेव. मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल. तरी ठेव.