रिपोर्ट नॉर्मल, पोरगी उपाशी

दहावीतली माझी भाची भरलेला डबा परत आणू लागली, तेव्हा आम्ही म्हणालो, 'परीक्षेचं टेन्शन!' पुढे पाळी थांबली, हात गार पडू लागले, नाडी ५० च्या खाली गेली. रक्ताचे रिपोर्ट मात्र नॉर्मल. त्यावरच निर्धास्त राहिलो. तो निघाला अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडण्याचा मानसिक आजार. त्यात लेप्टिन (शरीरातल्या चरबीतून स्रवणारे संप्रेरक) घटते, वारंवार उलट्या काढणाऱ्यांचे पोटॅशियम उतरते. पण निदान पक्के करणारी रक्तचाचणी आजही नाही. २०१९ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात या आजाराचे चयापचयाशीही नाते दिसले, म्हणजे हे 'नखरे' नव्हेत. पुण्यातल्या शाळांनी तपासणीत नुसते वजन लिहू नये, मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडावे, नाडी मोजावी. (मुलग्यांचीही, त्यांच्याबाबत तर कुणाला शंकासुद्धा येत नाही.)

– एक मावशी, कोथरूड, पुणे