चपलेचा बटवा तिला परत द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'चंद्रकांता'मधली खरी नायिका कोण, यावरून आपल्या वाचकांच्या पत्रांत जी चर्चा रंगली आहे ती आम्ही आवर्जून वाचतो आहोत. कुणाला चंद्रकांता नुसती शोभेची वाटते, कुणाचा जीव तिची सखी चपला हिच्यावर आहे, आणि कुणी म्हणतं, नायिकांपेक्षा खलनायक क्रूरसिंहच बरा, निदान तो काहीतरी करतो तरी. वाद छान आहे, पण त्यात एक घोळ झाला आहे. निम्मे पत्रलेखक देवकीनंदन खत्रींच्या मूळ हिंदी कादंबरीबद्दल बोलताहेत आणि निम्मे दूरदर्शनच्या मालिकेबद्दल. नावं तीच असली तरी या दोन ठिकाणच्या बायका वेगळ्या आहेत. त्या वेगळ्या कशामुळे झाल्या, हे सांगण्यासाठी हे पत्र.

कादंबरी १८८८ची. चार भाग, आणि प्रकरणाला 'बयान' म्हणायची पद्धत. पुढे 'चंद्रकांता संतति' आली, तिचे चोवीस भाग. मालिका १९९४ साली दूरदर्शनवर सुरू झाली, नीरजा गुलेरींची. शिखा स्वरूप चंद्रकांता, शाहबाज खान तिचा प्रियकर राजकुमार वीरेंद्रसिंह, आणि अखिलेंद्र मिश्रांचा तो जाड भुवयांचा, 'यक्कू' म्हणणारा क्रूरसिंह. रविवारी सकाळी इंदूरच्या मराठी घरांतही हीच मालिका लागलेली असे, त्यामुळे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या इथल्या वाचकांच्या मनात चंद्रकांता म्हटलं की मालिकेतलीच उभी राहते. त्यात त्यांचा दोष नाही. पण तिच्यावरून खत्रींच्या चंद्रकांतेला दुबळी ठरवणं हा मात्र अन्याय आहे.

मूळ कादंबरीत अद्भुत गोष्टी दोन जातीच्या आहेत. एक तिलिस्म: बंद खजिना, फिरते दरवाजे, दगडी पुतळे, आणि ते फोडण्याची रीत लिहिलेली पोथी. दुसरी ऐयारी, म्हणजे वेष पालटून केलेली हेरगिरी. आणि ऐयारीत जादूचा लवलेश नाही, ती शिकावी लागणारी विद्या आहे. खत्री प्रस्तावनेतच सांगतात की ऐयाराला सगळे फन, म्हणजे कला, यावे लागतात, रूप बदलणं आणि धावणं ही त्याची मुख्य कामं, आणि राजाराजांत तंटा झाला की रक्त न सांडता चतुराईनं तो निपटवणं हा त्याचा मान. ही विद्या बायकांनाही येते, इथेच खत्री आपल्या काळाच्या पुढे जातात. चपलेची ओळख करून देताना ते तिच्या देखणेपणावर थांबत नाहीत. ती दोन-चार पुरुषांना एकटी आवरू शकते, हत्यारं चालवते, गाण्या-वाजवण्यात उस्ताद आहे, आणि तिला आतषबाजी तयार करण्याचा मोठा नाद आहे! राजकन्येच्या सखीला दारूकामाचा नाद आहे हे वाक्य ज्यानं एकदा वाचलं, तो चपलेला विसरूच शकत नाही.

आता बटव्याकडे या, कारण सगळं त्यात आहे. ऐयाराच्या कमरेला बटवा असतो. त्यात बेहोशीची बुकणी, शुद्धीवर आणणारा लखलखा, रूप बदलायचं रोगण आणि आरसा. जोडीला भिंत चढायची कमंद, खंजीर, आणि साथीदाराला इशारा द्यायची शीळ, जिला तिथे 'जफील' म्हणतात. काम ठरावीक पायऱ्यांनी चालतं. आधी ज्याचं रूप घ्यायचं त्याला एकट्यात गाठायचं. मग बेहोशी, हुंगवून किंवा खाण्यातून. मग त्याचे कपडे आपण घालायचे, आरशात पाहून त्याचा चेहरा आपल्या चेहऱ्यावर उतरवायचा, त्याची गठडी बांधून पाठीवर घ्यायची आणि लपवायची, आणि मगच दरबारात पाऊल टाकायचं.

यातली प्रत्येक पायरी चुकू शकते, आणि कादंबरीची सगळी गंमत तिथे आहे. चेहरा जमला पण आवाज जमला नाही. आपल्या माणसांत ठरलेला ओळखीचा शब्द माहीत नव्हता, तो विचारल्याबरोबर पितळ उघडं पडलं. गठडी नीट लपवली नाही आणि खरा माणूस वेळेआधी शुद्धीवर आला. किंवा समोरच्याला नुसता संशय आला आणि त्यानं गरम पाणी मागवून तोंड धुवायला लावलं, की रोगण उतरलं आणि खेळ खलास. म्हणून चपला जिंकते तेव्हा ती अक्कल आणि तयारी यांच्या जोरावर जिंकते. फसते तेव्हाही का फसली ते वाचकाला कळतं.

मालिकेनं नेमकं हेच काढून टाकलं. पायऱ्या गाळल्या आणि तिथे चमत्कार घातले. विषकन्या, नागांची दुनिया, डोळ्यांतून निघणारे झोत. पडद्यावर ते दिपवणारं होतं, हे आम्ही मान्य करतो. पण झोताला तयारी लागत नाही, तो चुकत नाही, आणि म्हणून तो कुणाचा गुणही ठरत नाही. चपलेच्या हातातून बटवा काढून घेतला की ती राजकन्येच्या मागे उभी राहणारी दासी उरते, आणि चंद्रकांता पळवली जाण्यापुरती. पुढे २०१७ साली एकाच वर्षात दोन वाहिन्यांवर दोन नव्या 'चंद्रकांता' आल्या, आणि त्यांनीही जादूचीच वाट धरली. नायिकेच्या हाती तलवार आली, अंगात शक्ती आली, पण बटवा काही आला नाही.

'चंद्रकांता स्वतः काय करते?' असं एका पत्रात विचारलं होतं. तिसरा भाग पुन्हा वाचावा. तिथे एक वनकन्या येते, वीरेंद्रसिंहाला मदत करते, चिठ्ठ्या पाठवते, आणि अट घालते की ज्या दिवशी चंद्रकांतेशी लग्न होईल त्याच दिवशी माझ्याशीही व्हायला हवं. बिचारा कुमार दोन्हीकडून अडकतो. ही वनकन्या म्हणजे खुद्द चंद्रकांताच, हे चौथ्या भागात उलगडतं आणि अट आपोआप पुरी होते. (सव्वाशे वर्षांहून जुन्या पुस्तकाचं रहस्य सांगितल्याबद्दल कुणी रागावू नये.) दुसऱ्या भागात दगडी बगळा दोघी सख्यांना गिळतो आणि चंद्रकांता वाचकाच्या नजरेआड जाते, तिथून परत येते ती अशी वेष पालटून. त्यामागे सिद्धनाथ योगी, म्हणजे वेषांतर केलेला नौगढचा दिवाण जीतसिंह, याची योजना आहे हे खरं. पण ते सोंग महिनोन् महिने निभावून नेलं ते तिनं, आणि तेही तिच्यावर जीव टाकणाऱ्या माणसासमोर. तिला शोभेची म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

'संतति'मध्ये तर पारडं आणखी झुकतं. किशोरी ही चुनारच्या शिवदत्त राजाची मुलगी. गोड आहे, आणि पुन्हा पुन्हा पळवली जाते. तिच्याबद्दलची तक्रार आम्हाला पटते. पण तिच्याच शेजारी कमलिनी आहे. बहीण म्हणून वावरणारी मायारानी जमानियाच्या गादीवर बसून कारस्थानं करते, आणि ही तिच्यापासून फुटून तळ्यामधल्या घरात राहते नि तिच्याशी टक्कर घेते. कमलिनीकडे तिलिस्मी खंजीर असतो. त्याचा नुसता स्पर्श झाला की माणूस बेशुद्ध पडतो, त्यातून लख्ख उजेड निघतो. पण खत्रींनी त्यालाही नियम घातला आहे: त्याच धातूची जोडीची अंगठी बोटात असेल तोच तो खंजीर हाती धरू शकतो. म्हणजे शत्रूच्या हाती खंजीर गेला तरी निभावतं, अंगठी गेली की संपलं. असा नियम असलेली एक वस्तू नियम नसलेल्या शंभर चमत्कारांना भारी आहे. आमच्या मते खत्रींच्या या साऱ्या पुस्तकांतली सर्वांत पूर्ण नायिका कमलिनीच, आणि पडद्यानं तिला जवळजवळ हातच लावलेला नाही.

आपल्या बालरंगभूमीचा अनुभवही हेच सांगतो. 'अलबत्या गलबत्या' पाहून बाहेर पडणारं पोर राजकन्येची नक्कल करत नाही, चेटकिणीची करतं. कारण चेटकीण बेत आखते, वस्तू हाताळते, फजीत होते आणि पुन्हा उठते. जिच्या हाताला काम, तिच्याकडे प्रेक्षकाची नजर. राजकन्येला हे काम दिलं तर तीही लक्षात राहील, आणि चपलेपाशी ते आयतंच आहे.

म्हणून आता कामाचं. उन्हाळी शिबिरांचे दिवस येतील तेव्हा इंदुरातल्या कुणी 'चंद्रकांता' मराठीत बसवायचं मनावर घेतलं, तर या काही गोष्टी पाहाव्यात.

चारही भाग सव्वा तासात कोंबू नका. पहिल्या भागापुरतं थांबा. वीरेंद्रसिंहाचं नौगढ, चंद्रकांतेचं विजयगढ आणि शिवदत्ताचं चुनार, तीन ठिकाणं पुरेत. पात्रं नऊ-दहाच्या वर नेऊ नका, नाहीतर कुणी कुणाचं रूप घेतलं आहे हे तिसऱ्या प्रवेशातच हरवतं.

रूप बदलणं हाच सगळ्यात अवघड भाग. चपला करणाऱ्या मुलीलाच मिशा लावून शिपाई म्हणून पाठवलं तर पाचव्या रांगेतल्या मुलाला कळतच नाही की ही तीच, आणि पहिल्या रांगेतल्याला ते सोंग खरं वाटत नाही. दोन्हीकडून घाटा. त्यापेक्षा शिपायाचं काम करणाऱ्या मुलालाच 'शिपायाच्या रूपातली चपला' करू द्या, आणि एक खूण ठेवा: बटवा डाव्या कमरेला. खरा शिपाई येईल तेव्हा बटवा नसेल. ही खूण पहिल्याच रूपबदलाच्या वेळी, प्रेक्षकांसमोर बटवा चपलेच्या कमरेवरून शिपायाच्या कमरेला जाताना, ठसठशीत दाखवायची. तिथे घाई केली की पुढचं सगळं वाया. मात्र बटवा भडक लाल किंवा पिवळा आणि चांगला वीतभर हवा, खाकी-तपकिरी बटवा दिव्यांखाली दिसतच नाही.

बेहोशीसाठी टाल्कम पावडर उधळू नका. मुलं खोकतात, आणि लादी निसरडी होऊन पुढच्याच तलवारबाजीत कुणीतरी पडतं. रिकामी डबी, रुमाल आणि तीन मोजेपर्यंत सावकाश कोसळणं एवढं पुरतं. लखलख्यालाही डबीच, पण दुसऱ्या आकाराची. दोन्ही सारख्या ठेवल्या की एकदा तरी अदलाबदल होतेच.

गठडीत खरं मूल बांधून पाठीवर घेऊ नका. बारा वर्षांचं मूल तीस-पस्तीस किलोचं, आणि ते उचलणारंही बाराचंच. पडद्याआड चिंध्या आणि फोम भरलेली तीन-चार किलोंची गठडी तयार ठेवा. आत निदान एका विटेएवढं वजन हवं, नाहीतर ती हलकी असल्याचं चालण्यातून दिसतं. बेशुद्ध मूल झाडामागे ओढायचं आणि तिथूनच गठडी घेऊन निघायचं.

तोंड धुण्याचा प्रवेश गाळू नये, नाटकाचा कळस तोच. पाण्यानं निघणारा रंग वापरा, पण पूर्ण चेहरा पुसायला दीड-दोन मिनिटं जातात आणि तेवढ्यात नाटक थंडावतं. अर्धाच पुसा. कोमट पाण्यात पिळलेला नॅपकिन, कपाळापासून हनुवटीपर्यंत एकच हात, आणि मग चेहरा प्रेक्षकांकडे. अर्धा शिपाई, अर्धी चपला. वर जी शिपायाच्याच मुलाला काम देण्याची युक्ती सांगितली ती या एका प्रवेशात चालत नाही, इथे खऱ्या चपलेलाच रंगवून आणावं लागतं. त्यामुळे त्याआधीच्या प्रवेशात तिला निदान आठ मिनिटं मोकळी ठेवा.

वीरेंद्रसिंहाचा ऐयार मित्र तेजसिंह, त्याच्या खोऱ्याचं दार, सिंहाच्या तोंडातली जीभ ओढली की उघडणारं, ते जरूर करा. प्लायवूडचा मुखवटा आणि लाल कापडाची लांब पट्टी, दोरी आतून एकानं सोडायची. जीभ ओढायचं काम मात्र तेजसिंहाला देऊ नका, चपलेला द्या. कादंबरीत तो मान त्याचा आहे, पण रंगमंचावर एवढा बदल खपून जातो.

राहिली चंपा. सगळ्या रूपांतरांत तिला नुसतं पंखा हलवायला उभं करतात. तीही चंद्रकांतेची सखी आहे, तिचं लग्न पुढे देवीसिंह ऐयाराशी होतं आणि 'संतति'तला तारासिंह ऐयार हा तिचाच मुलगा. चपला कामगिरीवर गेली की महालात चंद्रकांतेजवळ कोण राहतं, या प्रश्नाचं उत्तर चंपा आहे. नाटकात तिला दोन प्रवेश द्या आणि ओळखीचा शब्द विचारण्याचं काम तिच्याकडे सोपवा. शब्द चुकला की दार लावून घेणारी पहिली तीच असू द्या.

आपले,
काही 'चंद्रकांता'वेडे वाचक
रामबाग, इंदूर