सूचना : रोपांना नावाची पट्टी लावूनच आणा

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ९ वाजता, नेहमीच्या जागी रोपांची देवाणघेवाण आहे. आग्रहाची विनंती एकच, एकही रोप बिननावाचं आणू नका. आपल्या गोव्यातल्या हरमल गावची मिरची कुठली आणि खोल गावची कुठली, हे चार पानांवर असताना कुणालाच सांगता येत नाही. गेल्या वर्षी मी आगशी गावचं वांगं म्हणून लावलेलं रोप फळ धरल्यावर भलतंच निघालं. तोवर हंगाम गेला होता, फार वाईट वाटलं.

पट्ट्या विकत घ्यायची गरज नाही. दह्याचा किंवा आइस्क्रीमचा रिकामा डबा कापून बोटभर रुंद, वीतभर लांब पट्ट्या करा. त्यावर बारीक पॉलिशपेपर घासला की साध्या पेन्सिलीने लिहिता येतं. मार्करची शाई उन्हाने उडते, पेन्सिल आपल्या पावसातही टिकते. हंगाम संपल्यावर खोडरबराने पुसा, पट्टी पुन्हा वापरायला तयार. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या मात्र नकोत, जून-जुलैत कुजतात.

आंबा-चिकूच्या कलमांना शीतपेयाच्या कॅनचा पत्रा उत्तम. खाली वर्तमानपत्राची घडी ठेवून, शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून लिहा, अक्षरं उमटून राहतात. कडा धारदार असतात, दुमडून घ्या. पत्र्याची पट्टी अडकवायची तार फांदीला सैल बांधा, नाहीतर ती सालीत रुतते.

पट्टीवर नाव, पेरणीची तारीख आणि बी कुठून आलं, एवढं हवंच. रिकामे डबे जास्त असतील तर तेही आणा, तिथेच कापू.