सुध्या, गाडी ठेवतोय

सोलापूर,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुध्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्येच उभा होतो, म्हणून दोनच वाक्यं बोललो. पण "विकून टाक बे, किती दिवस ओढणार" हे तुझं वाक्य तेव्हापासून डोक्यात घोळतंय. तू काळजीपोटी म्हणालास हे कळतं मला. फोनवर असलं काही धड सांगून होत नाही, म्हणून आज सकाळी चहा झाल्या झाल्या लिहायला बसलोय.

आधी काय झालं ते सांगतो. दिवाळीनंतरच्या रविवारी आईला तुळजापूरला घेऊन निघालो. कॉलेजात असताना कोजागरीला आपण दोघं रात्रभर चालत गेलो होतो, तोच रस्ता. घाट लागला आणि इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला. एसी बंद केला, तरी काटा खाली येईना. शेवटच्या वळणावर बॉनेटमधून वाफ आली. गाडी कडेला घेतली, पाऊण तास थांबलो, गार झाल्यावर पाणी भरलं. रेडिएटरचा खालचा पाइप फुगून चिरला होता, त्याला चिकटपट्टी गुंडाळली. दर्शन झालं. परतीला उतार आहे, जाईल हळूहळू, असं मनाशी म्हटलं आणि तिथंच चुकलो. तामलवाडीच्या अलीकडं इंजिन बंद पडलं, ते पुन्हा सुरूच झालं नाही. तिथून गाडी टो करून आणली. आईला मागून येणाऱ्या एसटीत बसवून दिलं. गुडघे दुखत असताना ती एसटीच्या पायऱ्या चढली, आणि हे माझ्यामुळं, हे मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी गाडी आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या पोरानं इंजिन उघडलंही नाही. अख्खं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, बदलावं लागेल, अडुसष्ट हजार, असा कागद हातात दिला. वर म्हणाला, "साठ हजारांच्या गाडीवर अडुसष्ट हजार कशाला घालताय सर? एक्स्चेंजला द्या, साठ हजार मी मिळवून देतो." मी घरी आलो ते जवळजवळ ठरवूनच, की झालं, आता सोडायची.

मग आपल्या जुन्या मिस्त्रींकडं गेलो. वडिलांच्या, आप्पांच्या वेळचे तेच. तुझ्या लूनाचा कार्ब्युरेटर त्यांनीच दोनदा साफ केला होता, आठवतं? त्यांनी ऑइलचं झाकण फिरवून काढलं आणि मला वाकून बघायला लावलं. झाकणाच्या आतल्या बाजूला चहावरच्या सायीसारखा घट्ट, फिकट तपकिरी थर. "पाणी ऑइलमध्ये शिरलंय. हेड आणि इंजिनाच्या मधलं हेडगॅस्केट गेलं." संध्याकाळपर्यंत हेड उतरवून बाकावर ठेवलं. त्यांनी ते रॉकेलनं पुसलं, पोलादी पट्टी त्यावर उभी आडवी ठेवली आणि फट मोजायच्या फीलर गेजचं एकेक पातं पट्टीखाली सरकवून बघायला लागले. दोन्ही टोकांना सगळ्यात पातळ पातंही आत जाईना. मधल्या सिलिंडरजवळ मात्र जाड पातं अलगद आत गेलं. बल्बच्या उजेडात त्या फटीतून पिवळी रेघ दिसत होती. केसाएवढी सुद्धा नव्हती ती, पण तामलवाडीजवळ आईला रस्त्यावर उभी केली ती त्याच फटीनं. ॲल्युमिनियमचं हेड, तापून मधोमध वाकलेलं. "तडा नाही. फेसिंग करून, मशिनवर घासून आणू, सरळ होईल," मिस्त्री म्हणाले.

मग ते खाली वाकले आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं गाडीचा तळ ठोकत गेले. दाराखालची पट्टी, सस्पेन्शन जिथं बसतं त्या जागा, डिकीचा तळ. सगळीकडून खणखणीत आवाज. उठून हात पुसत म्हणाले, "साहेब, पत्रा गेला की गाडी गेली. इंजिन काय, सुटं होतंय आणि बसतंय."

सुध्या, खरं उत्तर त्या वाक्यात होतं. तुझी गाडी तू गेल्या वर्षी दिलीस ते बरोबरच केलंस. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेनं तिचा तळ खाल्ला होता, मॅट उचललं की रस्ता दिसायचा. तसल्या गाडीवर पैसा घालणं म्हणजे पाण्यात टाकणं. आपल्याकडचं ऊन वेगळं वागतं. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत ते रबर खातं, बॅटरी खातं, डॅशबोर्ड पांढरा करतं, पण कोरड्या हवेत पत्रा टिकतो. माझी गाडी पाइपापायी गेली. पंधरा वर्षांचा रबरी पाइप मी वेळेवर बदलला असता तर एवढ्यावर आलंच नसतं.

आता पैशाचं. रात्री आप्पांची वही काढली. रेल्वेच्या छापील मथळ्याची ती हिरवी वही, ग्लव्हबॉक्समध्ये असायची. २०१० च्या दिवाळी पाडव्याला, निवृत्तीच्या फंडातून गाडी घेतली त्या दिवसापासून प्रत्येक पेट्रोल, प्रत्येक ऑइल बदल, किलोमीटरसकट. आप्पा गेल्यावर चार वर्षं मी लिहीत आलोय, त्यांच्याइतकं नेटकं नाही, पण लिहितोय. गाडी चाललीय एक लाख अठरा हजार. गेल्या पाच वर्षांत इन्शुरन्स सोडून दुरुस्तीवर एकूण एकाहत्तर हजार गेले. म्हणजे वर्षाला चौदा हजार. मला वाटत होतं त्याच्या निम्म्यानं.

मिस्त्रींचा आकडा सत्तावीस हजार पाचशे. हेड फेसिंग, गॅस्केट सेट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, नवा रेडिएटर, झाडून सगळे पाइप, आणि इंजिन उघडलंच आहे तर क्लचप्लेट. पेट्रोलच्या नळ्याही बदलायला सांगितल्या मी. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्या काळच्या गाड्यांची रबरं तेवढ्या इथेनॉलसाठी केलेली नव्हती. त्यावर चार टायर पंधरा हजार दोनशे, बॅटरी चार हजार आठशे, सस्पेन्शनचे बुश साडेसहा हजार. शिवाय १० तारखेला नोंदणीची पंधरा वर्षं संपली. पुढच्या पाच वर्षांच्या नोंदणीचे पाच हजार आणि पर्यावरण कर तीन हजार. सगळं मिळून बासष्ट हजार.

सर्व्हिस सेंटरचा पोरगा म्हणाला तसंच कुणीही म्हणेल, गाडीच्या किमतीएवढी दुरुस्ती कोण करतं? मीही दोन दिवस त्याच कात्रीत होतो. पण गाडी किती रुपयांना जाईल याचा इथं संबंधच नाही, मी ती विकायला काढलेलीच नाही. त्याच बासष्ट हजारांत दुसरं काय मिळतं, हे बघायचं. सप्टेंबरात छोट्या गाड्यांचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला, किमती उतरल्या, हे तू म्हणालास ते खरं. तरी शोरूमच्या किमतीवर आपल्या राज्यात पेट्रोल गाडीला अकरा टक्के रोड टॅक्स, तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, सगळं धरून रस्त्यावर यायला साडेसहा लाख होतात. एक्स्चेंज आणि साठवलेले मिळून दीड लाख भरले तर पाच लाखांचं कर्ज. नऊ टक्क्यांनी पाच वर्षं म्हणजे महिन्याला दहा हजार तीनशे ऐंशी. बासष्ट हजार म्हणजे सहा हप्ते. ही दुरुस्ती सहा महिने टिकली तरी मी तोट्यात नाही, आणि ती सहा महिन्यांत मोडेल असं समजायला काही कारण नाही. इतकं सरळ आहे, पण कागदावर मांडेपर्यंत मला दिसलं नव्हतं.

सेकंडहँड गाडीचा विचार मी लवकर सोडला. सप्टेंबरात सीनेला पूर आला, लांबोटीजवळ पुण्याचा रस्ता बंद होता, ते तू बातम्यांत बघितलंच असशील. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या आता पुसून-पासून बाजारात येणार. तुझ्या मेव्हण्याला घ्यायची आहे ना? त्याला सांग, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते, ती कुणी धूत नाही. सीटखालचे बोल्ट गंजलेत का तेही बघ.

सगळ्यात जास्त अडलो ते एअरबॅगपाशी, आणि तिथं हिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. जेवताना ती म्हणाली, "हिशेब तुमचा बरोबर आहे, पण या गाडीत एकही बॅग नाही. पोरगी पुढं बसते." मी गप्प झालो. एबीएस, पुढच्या एअरबॅगा हे सगळं कायद्यानं सक्तीचं झालं ते २०१९ नंतर टप्प्याटप्प्यानं. आपली गाडी २०१० ची. सीटबेल्ट आहे, तेवढंच. पुण्याच्या रस्त्यावर शंभरच्या वेगानं जाणाऱ्या कंटेनरच्या मधून ती नेताना माझाही जीव वर-खाली होतो, मी कधी बोललो नाही इतकंच. मिस्त्री काहीही बदलून देतील, पण एअरबॅग बसवून देणार नाहीत.

दोन रात्री यावर बोलणं झालं. ठरलं ते असं. पुण्याला आता गाडी न्यायची नाही, हुतात्मा एक्स्प्रेस आहे, ती पकडायची. तुळजापूर, अक्कलकोट दिवसाउजेडी, साठच्या पुढं काटा न्यायचा नाही, पोरगी मागच्या सीटवर आणि मागंही बेल्ट लावून. रात्री गाडी शहराबाहेर काढायची नाही. आणि जो हप्ता भरावा लागला असता त्यातले सात हजार दर महिन्याला आवर्ती ठेवीत. पहिला भरणा शुक्रवारी केला. तीन वर्षांत व्याज धरून पावणेतीन लाखांच्या पुढं जातील, तेव्हा सहा एअरबॅगची गाडी निम्म्या कर्जात येईल. थोरली तोवर अठराची होते. ती गाडी शिकेल ती नव्या गाडीवर, हे मी हिला शब्द देऊन सांगितलंय. मधे कधी मिस्त्रींच्या ठोकण्याचा आवाज बद्द आला, तर तीन वर्षंही थांबणार नाही, लगेच स्क्रॅपला देईन.

आप्पांची म्हणून ठेवतोयस, असं तू मनात म्हणत असशील. तेही आहे, सुध्या. मी ते नाकारणार नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात सिव्हिलला नेताना तेच मागच्या सीटवरून मला सांगत होते, दुसरा गिअर टाक, इंजिन ओढतंय. पण वही उघडली ती मुद्दाम त्यासाठी, की त्यांची माया एका बाजूला राहावी आणि आकडे एका बाजूला. आकडे उलटे आले असते तर मी गाडी दिली असती. रडलो असतो, पण दिली असती.

काल हेड फेसिंगला नेलं. आधी यंत्रमागाचे सुटे भाग बनवायचे, माग बंद पडत गेले तसे इंजिनाच्या कामाला लागले, असे एक गृहस्थ आहेत अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. हेड मशिनवर चढलं, पातं फिरलं आणि काळपट पृष्ठभागावरून चांदीसारखा चकचकीत पट्टा पुढं सरकत गेला. मधला खोलगट डाग शेवटपर्यंत काळा राहिला, मग तोही पुसला गेला. मिस्त्रींनी तिथंच पुन्हा पट्टी ठेवली. या वेळी कुठंच उजेड दिसला नाही.

उद्या गॅस्केट बसवून इंजिन बांधतील. बुधवारी आरटीओत तपासणीची वेळ मिळालीय, तोवर गाडी फक्त गॅरेजच्या दारात चालू करून बघायची. पास झाली की पहिली फेरी आईची, तुळजापूरची, पायऱ्या या वेळी तिच्या कलानं.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला येतोयस ना? आंब्याच्या घाटातून रात्री निघू नकोस, पहाटे नीघ. शेंगाचटणी आईनं तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवलीय, आणि तुझी नवी गाडी लावायला माझ्या गाडीशेजारी जागा आहे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
राजा