सत्कार करा, पण आधी मॉर्फिनची वही पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदुरात सत्कारांना तोटा नाही. अहिल्योत्सव असो की गणेशोत्सव, मंडळाचा कार्यक्रम म्हटला की निदान एक शाल आणि एक श्रीफळ ठरलेले. त्यात पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बरा न होणारा आजार असलेल्यांच्या वेदना, धाप, जखमा आणि घरच्यांची घालमेल सांभाळण्याच्या कामात असलेल्यांची पाळी क्वचितच येते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह केअर दिन असतो. त्या दिवशी शहरातल्या मराठी मंडळांनी मिळून एक तरी पुरस्कार द्यावा, अशी आमची सूचना आहे. मात्र तो फोटोंचा अल्बम आणि रुग्णसंख्येचे फलक बघून देऊ नये. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून आपले शहर पुढे राहिले, ते पाहणी करणारे गल्लीत फिरले आणि नागरिकांना विचारून गेले म्हणून. इथेही तेच करता येईल.

पहिली पाहायची ती मॉर्फिनची वही, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या या औषधाच्या साठ्याची नोंद. मंदसौर-नीमचची अफू आपल्याच माळव्यातली. अफूतून मॉर्फिन वेगळे काढणारा सरकारी कारखाना नीमचला, इंदूरपासून अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरवर. तरीही कॅन्सरच्या रुग्णाला १० मिलिग्रॅमची गोळी मिळवायला घरचे दुकानामागून दुकान पालथे घालतात. अमली पदार्थांवरच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या धाकाने अनेक रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही एकाच गटातली औषधे 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यताप्राप्त संस्थेला ती ठेवणे सोपे झाले. आता लागते ते प्रशिक्षित डॉक्टर, कुलूपबंद कपाट, रोजची नोंद आणि वर्षाला किती लागेल याचा वेळेवर कळवलेला अंदाज. हे कंटाळवाणे कागदकाम चिकाटीने करणारा माणूस आमच्या लेखी खरा नेता. निवड समितीने वहीतला शिल्लक आकडा आणि कपाटातल्या गोळ्या जुळतात का ते पाहावे. गेल्या वर्षभरात साठा शून्यावर गेला असे दिवस किती, हेही मोजावे. आणि नोंद ज्यांच्या नावावर आहे त्या डॉक्टरांची बदली झाली तर कपाट कोण उघडणार, हा प्रश्न जरूर विचारावा. पुष्कळ ठिकाणी याचे उत्तर नसते.

साठा असूनही औषध चुकीचे दिले जाते, त्याची कारणे केसपेपरवरच दिसतात. 'दुखल्यास एक गोळी' असे लिहिलेले दिसले की समजावे, काम कच्चे आहे. साध्या मॉर्फिनचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ते घड्याळाप्रमाणे दर चार तासांनी द्यायचे असते. पूर्वी अशी औषधे न घेतलेल्या प्रौढाला सहसा ५ ते १० मिलिग्रॅमपासून आणि वृद्ध किंवा अशक्त रुग्णाला त्याहून कमीपासून सुरुवात करतात. मध्ये कळ उठली तर जादा डोस दिवसभराच्या एकूण मात्रेच्या सुमारे एक षष्ठांश. दिवसाला ६० मिलिग्रॅम चालू असेल तर १०. पहिल्या गोळीबरोबरच बद्धकोष्ठतेचे औषध लिहिलेले हवे. ते विसरले की चार-पाच दिवसांत पोट गच्च होते, आणि घरचे मॉर्फिनच बंद करतात. मळमळ आणि गुंगी बहुधा थोड्या दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र औषध चालू असेपर्यंत सोबत राहते. मूत्रपिंडे बिघडलेल्या रुग्णात मॉर्फिनचे घटक साचून झोप आणि अंगाला झटके येतात, तिथे मात्रा आणि वेळ दोन्ही बदलावे लागते. कातडीवर चिकटवायची फेंटानिलची पट्टी हा सोपा पर्याय समजला जातो, पण तिचा असर सुरू व्हायला १२ ते २४ तास जातात. आत्ता तळमळणाऱ्या किंवा या गटातले औषध कधीच न घेतलेल्या रुग्णाला ती लावणे चूक. मे महिन्याच्या उकाड्यात, तापात किंवा पट्टीवर शेक दिल्यास औषध जास्त शोषले जाते, हे घरच्यांना सांगितले होते का, तेही पाहावे.

संस्थेने निवडून दिलेल्या फाइली घेऊ नयेत. रजिस्टरवर बोट ठेवून कोणत्याही दहा काढाव्यात. पहिल्या भेटीला ० ते १० च्या मापात वेदना किती होती आणि ४८ तासांनी किती, हे दोन आकडे प्रत्येक फाइलीत असलेच पाहिजेत. दुसरा आकडा नसेल तर पुन्हा कोणी विचारलेच नाही. फाइलींमध्ये फक्त कॅन्सरचेच रुग्ण असतील तर तेही टिपावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ही सेवा लागणाऱ्या प्रौढांत कॅन्सरचे रुग्ण साधारण एक तृतीयांशच. हृदय, फुफ्फुस, मूत्रपिंड, पक्षाघात आणि स्मृतिभ्रंशाचे रुग्ण कुठे गेले?

रात्रीचे काय, हा फाइलीत न सापडणारा भाग. सुदामानगरात रात्री अकराला रुग्णाला धाप लागली तर घरी लेखी सूचना, दोन-तीन औषधांची छोटी डबी आणि उचलला जाणारा फोन हवा. यातले काहीच नसेल तर घरचे रुग्णवाहिका बोलावतात, आणि ज्याने घरीच राहायचे म्हटले होते तो अतिदक्षता विभागात पोचतो.

घरच्यांना काय शिकवले, हे त्यांनाच विचारावे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि हवेची गादी आणली म्हणून ते टळत नाही. सडलेल्या जखमेवर स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचे नाही, झोंबते आणि भरत आलेली कातडीही जळते. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ घालून त्याने धुवायचे. दुर्गंधी असेल तर नर्सने दाखवल्याप्रमाणे मेट्रोनिडाझोल या जंतूंवरच्या औषधाच्या साध्या गोळीची बारीक पूड भुरभुरवायची. चिकटलेली पट्टी ओढायची नाही, आधी भिजवायची. ज्या घरातली सून किंवा मुलगा हे न अडखळता सांगतो, तिथे नर्सने मन लावून काम केलेले असते.

म्हणूनच पुरस्कार एकट्या डॉक्टरला देऊ नये. मधल्या भेटींतले बरेचसे काम नर्स करते, गाडीचा चालक रुग्णाला उचलायला हात देतो, स्वयंसेवक पेन्शनचे कागद आणि मुलांच्या फीचे बघतो. केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचे राज्य धोरण आणले, आणि तिथले काम टिकले ते नर्स, पंचायत आणि गावातली माणसे यांच्यावर. पॅलियम इंडिया या पॅलिएटिव्ह केअर संस्थेचे डॉ. एम. आर. राजगोपाल यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, ती मिळायलाच हवी होती. पण आपल्या व्यासपीठावर नर्सची खुर्ची पहिल्या रांगेत असावी.

नावे संस्थांकडून मागवू नयेत, ज्यांच्या घरी सेवा झाली त्या कुटुंबांकडून मागवावीत. मृत्यूनंतर लगेच नको, निदान तीन महिने जाऊ द्यावेत. त्या काळात संस्थेतल्या कोणी फोन केला का, भेटायला आले का, हेही तेव्हाच कळेल. बक्षिसाची रक्कम संस्थेच्या नावे द्यावी आणि ती पेट्रोल, गाद्या व ड्रेसिंगच्या सामानावर खर्च व्हावी, अशी अट घालावी. परीक्षकांत एक औषधनिर्माता आणि एक निवृत्त नर्स असावी. वही कशी वाचायची ते त्यांना माहीत असते.

आपले,
घरपोच पॅलिएटिव्ह सेवेतील काही डॉक्टर, परिचारिका व औषधनिर्माते,
इंदूर