पेनाची रेघ

सोलापूर
शनिवार, रात्रीचे तीन वाजून दहा मिनिटं

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

वॉर्ड शांत आहे. सहा नंबरच्या बाईचं सलाईन संपायला अजून वीसेक मिनिटं आहेत, तोवर लिहिते. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं असतं, पण ते तू आत्ताच वाचलं असतंस आणि मग तासभर फोन खाली ठेवला नसतास. म्हणून कागद. शिवाय या आठवड्यात आपली गाठ पडते कुठं? तू घरात असतेस तेव्हा मी खिडकीला चादर टांगून झोपलेली, आणि मी उठते तेव्हा तू कॉलेजात.

काल तुझं अंथरूण आवरताना बायोलॉजीची वही खाली पडली. त्यातून टेस्टचा पेपर निघाला. मुद्दाम बघितला नाही गं, पण नजर गेली. रायबोझोमचं उत्तर छान सुरू झालंय, दोन ओळी अक्षर अगदी मोत्यासारखं. मग 'प्रोटीन' शब्दातला शेवटचा 'एन' लांबलाय, लांबत लांबत वाकडा झालाय, आणि त्यातून नुसती एक निळी रेघ पानाच्या तळापर्यंत घसरत गेलीय. शेजारी लाल पेनानं लिहिलंय, 'लक्ष कुठे आहे?'

लक्ष कुठं होतं ते मला कळलं. ही रेघ मी ओळखते. नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या नोंदीच्या कागदावर, अशीच रेघ ओढली होती मी, पहाटे चारच्या सुमारास, उभ्या उभ्या. सिस्टरांनी चार्ट फाडायला लावला आणि पुन्हा लिहून घेतला. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि रात्रभर जागी होते. तू सोळाची आहेस आणि सकाळी साडेसातला परीक्षेच्या बाकावर बसली होतीस. एवढाच फरक.

टेस्टच्या आदल्या रात्री तू दीडपर्यंत जागी होतीस. पाचला मीच उठवलं, आणि वर ऐकवलंही की मी दहावीला चार वाजता उठून अभ्यास करायचे. हे वाक्य तू लहानपणापासून ऐकतेस. आज त्याची पुढची ओळ सांगते, जी मी कधी सांगितली नाही. मी चारला उठायचे हे खरं, पण साडेआठला झोपायचे. आमच्या मोहोळकडच्या गावात संध्याकाळी लाईट जायची. भाकरी खाऊन झाली की चिमणीच्या उजेडात करायचं काय? आई म्हणायची, रॉकेल जाळू नका, पडा. साडेआठ ते चार म्हणजे साडेसात तास झोप झाली की. तू त्या रात्री साडेतीन तास झोपलीस. हा हिशेब मी कधी मांडलाच नाही. आपल्या घरात किती वाजता उठला हे सगळे विचारतात, किती वाजता झोपला हे कुणी विचारत नाही.

आप्पांचंच बघ. मिलमध्ये उभी हयात गेली. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. मिल बंद पडली, भोंगा थांबला, तरी म्हातारा कित्येक वर्षं बरोबर त्याच वेळेला अंथरुणात उठून बसायचा आणि विचारायचा, वाजला का गं? आम्ही हसायचो. पण ते वेड नव्हतं. शरीरात घड्याळ असतं, आणि ते रोजच्या वेळेनं, उजेडानं, अंधारानं लागतं. पेशीपेशीत ते कसं चालतं हे शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमच्या पुस्तकात नसेल तर सरांना विचार.

इथं समोर पाळण्यात एक दिवसाचं बाळ आहे. त्याला दिवस नाही, रात्र नाही. चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपायचं, मधेमधे उठून दूध प्यायचं. घड्याळ हळूहळू लागतं, दोनतीन महिन्यांनी रात्र थोडी थोडी कळायला लागते. छोट्याच्या वयाला, म्हणजे सहा ते बारा वर्षांच्या पोरांना, नऊ ते बारा तास लागतात. तुझ्या वयाला आठ ते दहा. माझ्या-पप्पांच्या वयाला निदान सात.

आणि तुझ्या वयात एक गंमत होते, जी कळल्यापासून मला तुझ्यावर ओरडल्याचं वाईट वाटतंय. अंधार पडला की मेंदूतून मेलॅटोनिन सुटतं, ते शरीराला सांगतं की रात्र झाली. वयात येताना ते सुटायची वेळच तासदोन तास पुढं सरकते. म्हणून दहाला तुला झोप येत नाही. तो आळस नाही, नाटक नाही, मोबाईलचा एकट्याचा गुन्हाही नाही. विशी ओलांडली की ती वेळ पुन्हा मागं येते. पण मधल्या वर्षांत काय होतं? झोप येते उशिरा आणि क्लास सहाला. दोन्हीकडून कात्री.

यातला विनोद सांगू? सरकारनं २०२४ साली सांगितलं की चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका. चांगलंच केलं. पण आपला छोट्या तसाही साडेसहाला टुणकन उठून पप्पांच्या पोटावर बसतो. ज्यांना पहाटे डोळे उघडत नाहीत त्या तुम्हा पोरींना कोण विचारतंय? तिकडं कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायचं नाही असा कायदाच लागू झालाय. आपल्याकडं मी क्लासमध्ये जाऊन विचारलं, सकाळची बॅच बदलून मिळेल का. समोरचा हसला. म्हणाला, मॅडम, झोपायला आख्खं आयुष्य पडलंय. मी काही बोलले नाही, पण मनात म्हटलं, ये एकदा नाईटला आणि बघ.

रात्रभर पाठ केलं तरी ते डोक्यात बसवायचं काम झोपेत होतं, माऊ. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते, पहाटेकडं स्वप्नांची झोप जास्त. पाचला उठवलं की ती शेवटची झोपच कापली जाते. म्हणजे मी तुला अभ्यासासाठी उठवत होते आणि अभ्यासाचाच भाग कापत होते. आता काय म्हणायचं याला.

चहाचंही बोलायला पाहिजे. तू संध्याकाळी सातला तो मोठा कप घेतेस ना, त्यातलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनी, म्हणजे रात्री बारालाही अंगात असतं. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत झोपेचा भार साठत जातो. कॅफिन तो भार काढत नाही, नुसता झाकून ठेवतं. इथं आम्ही नाईटला बाराच्या आसपास किटली संपवतो आणि नंतर शिवत नाही, नाहीतर सकाळी घरी जाऊन छत बघत पडावं लागतं. तुझा कप चारला घे. सातला दूध घे, नको असेल तर काहीच नको.

आता मी आणि पप्पा काय करणार ते सांगते. तुझ्यावर नियम लादायचे आणि आपण साडेअकराला रिळं बघत हसायचं, हे बंद. पप्पांशी बोलले. आधी म्हणाले, दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात मशीनचा खडखडाट ऐकून आल्यावर माणसानं तासभर टीव्हीही बघायचा नाही का? बरोबर आहे त्यांचं. पण दोन खोल्यांच्या घरात एकाचा टीव्ही म्हणजे सगळ्यांचा टीव्ही. शेवटी साडेदहावर तडजोड झाली. साडेदहाला टीव्ही बंद आणि चारही फोन (हो, आप्पांचा तो बटणाचासुद्धा) स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी चार्जिंगला. तुला गजर लागतो म्हणून फोन उशाशी हवा असतो ना? गजराचं घड्याळ आणलंय. टिकटिक करतं, दोन दिवस त्रास देईल.

नळाला पाणी यायची रात्र असली की आपण सगळे उठतो, तू बादल्या भरतेस. यापुढं तू उठायचं नाही. मी घरी असले तर मी, नाहीतर पप्पा. चार-पाच दिवसांतून एक रात्र आमची गेली तर चालेल.

उन्हाळ्यात आप्पा म्हणतात तसं माळवदावर झोपू. मी उगाच नाही म्हणत होते, लोक काय म्हणतील म्हणून. झोप लागायला अंग आतून थोडं थंड व्हावं लागतं, आणि मे महिन्यात आपल्या खोलीच्या भिंती रात्री बारालासुद्धा तव्यासारख्या असतात. संध्याकाळी वर दोन बादल्या पाणी मारायचं, झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्यानं अंघोळ करायची. कोमट का, तर कातडीकडं रक्त येतं आणि आतली उष्णता बाहेर पडते. मलाही आधी उलटं वाटायचं.

रविवारी बारापर्यंत झोपतेस, ते मात्र हळूहळू कमी कर. आठवड्याची उधारी एका दिवसात फिटत नाही. उलट सोमवारी घड्याळ पुन्हा मागं ओढावं लागतं. नेहमीपेक्षा तासभर जास्त झोपलीस तर ठीक. उठलीस की दहा मिनिटं वर उजेडात जाऊन उभी राहा, दात घासत का होईना. दुपारी फारच पेंग आली तर वीस मिनिटं पड, दोन तास नको.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत यातलं काही लागू नाही. होम मैदानावर शोभेचं दारूकाम चालू असताना साडेदहा वाजले म्हणून पोरांना घरी ओढत आणणारी आई मला व्हायचं नाही.

आणखी एक, छोट्याचं. तो घोरतो म्हणून आपण सगळे त्याची नक्कल करतो. पण तो तोंड उघडं टाकून झोपतो, आणि दिवसा पेंगत नाही तर उलट भिंतीवर चढतो. लहान पोरांची झोप नीट झाली नाही की ती अशीच चेकाळतात. त्याचे टॉन्सिल नाहीतर नाकामागच्या गाठी वाढल्या असतील. या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवते. एवढी वर्षं वॉर्डात काढली आणि घरातलं पोर दिसलं नाही बघ.

तुझा तो पेपर मी होता तसा वहीत ठेवलाय. सरांना काही सांगायचं असेल तर तू सांग, मी येऊ म्हणालीस तर येते. सकाळच्या बॅचचं माझं अजून ठरलेलं नाही. संध्याकाळची मिळाली तर साडेआठ वाजतील घरी यायला, मग जेवण कधी, अभ्यास कधी? तू विचार कर, मंगळवारी मला सुट्टी आहे, बसून बोलू.

सहा नंबरचं सलाईन संपत आलं. उद्या रविवारची सातची टेस्ट आहे ना? तिकडं मी संध्याकाळीच फोन करून कळवलंय की तू येणार नाहीस, आणि पप्पांना सांगितलंय की उठवू नका. हे पत्र मी आल्यावर वहीत ठेवीन. आठ-साडेआठ होतील मला. शेंगाची चटणी संपलीय, येताना आणते. दार पप्पा उघडतील, तू उठू नकोस.

तुझी,
आई