दिवाळीत गोळ्या वाटा साहेब : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब,
स. न. वि. वि.

मी मूळची चंद्रपूर जिल्ह्यातली, आठ वर्षं झाली पुण्यात वारज्याला राहते. माझ्या आत्याला हत्तीपाय आहे. इथं कुणाला सांगितलं की "म्हणजे? ते अजून असतं?" असं विचारतात, आणि राज्याचा हत्तीरोगाचा कारभार बघणारं ऑफिस तर इथंच विश्रांतवाडीला आहे. असो.

मुद्दा असा की गावात दरवर्षी हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम येते, बहुतेकदा फेब्रुवारीत. माझा भाऊ चाकणला कंपनीत कंत्राटावर, एक दांडी पडली की त्या दिवसाचा पगार कट, तो गोळ्या खायला चंद्रपूरला कसा जाणार? आशाताई घरी येतात, आई सांगते पोरगा पुण्याला आहे, की त्या "बाहेरगावी" लिहून पुढच्या घरी. सलग चार वर्षं हेच चाललंय. त्यांची काही चूक नाही, त्या तरी काय करणार.

पण हत्तीरोग जंतांमुळे होतो, त्यातले मोठे जंत माणसाच्या अंगात पाच-सहा वर्षं आरामात जगतात, त्यांची बारीक पिल्लं रात्री रक्तात फिरतात (म्हणून तर रक्ताचा नमुना रात्री घेतात) आणि गटारातला क्युलेक्स डास ती उचलून दुसऱ्याला देतो. मोहिमेतल्या डीईसी आणि अल्बेंडाझोल या गोळ्या मुख्यतः ही पिल्लं मारतात, मोठे जंत सगळे मरत नाहीत, म्हणूनच डोस दरवर्षी घ्यायचा. आता माझ्या भावाच्या रक्तात काही आहे की नाही कुणालाच माहीत नाही, त्याला बघून काही कळत नाही, पाय सुजायला वर्षं जातात. तो दिवाळीला जाऊन आठ दिवस अंगणात झोपतो, डास चावतात, आणि असला जंतू तर तो गल्लीत वाटून परत येतो. ज्यांनी कधीच गोळी घेतली नाही अशी माणसं राहिली तर बाकीच्यांनी घेऊन उपयोग काय?

म्हणून विनंती एवढीच, मुख्य मोहीम फेब्रुवारीतच ठेवा, पण सुटलेल्यांसाठी भाऊबीजेनंतर दोन दिवस गावात परत गोळ्या द्या. तेव्हा पुण्यातली सगळी पोरं घरी असतात, संगमवाडीच्या ट्रॅव्हल्स भरभरून जातात ते बघा एकदा. आणि उपाशीपोटी गोळी घेऊ नका म्हणतात, दिवाळीत तो प्रश्नच नाही! आशाताईंना सणात काम लावायचं तर जादा पैसे द्या, फुकट राबवू नका.

आणखी एक, गोळ्या हातात देऊन जाऊ नका, समोर खायला लावा. आमच्या घरी गेल्या खेपेच्या गोळ्या फ्रिजवर सापडल्या, आई म्हणे जेवण व्हायचं होतं मग राहूनच गेलं. सकाळी अकराला निम्मं गाव शेतात असतं, संध्याकाळी या. आणि गोळीनंतर एखाद्याला ताप आला, डोकं दुखलं, चक्कर आली तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारायला या, मरणाऱ्या जंतूंमुळे असं होतं आणि बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरतं हे नीट सांगा, नाहीतर एकाच्या तापावरून पुढच्या वर्षी अख्खी गल्ली दार लावून घेते. दोन वर्षांखालची लेकरं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं यांना या गोळ्या देत नाहीत हेही आधीच सांगा, वाद होत नाहीत.

निदान दिवाळीतल्या गोळ्यांची तारीख महिनाभर आधी कळवा, भावाचं रिझर्वेशन तेव्हाच करावं लागतं.

आपली,
वारज्यात राहणारी एक चंद्रपूरकर